‘ढ’ म्हणून कोणाला म्हणता?

आमच्या वस्तीतील विहारात गेली काही वर्षे संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका चालते. नाव अभ्यासिका, पण आहे काय तर दोन सतरंज्या, चार ट्यूबलाईटी, एक फळा आणि पस्तीस-चाळीस पोरे. ऑफिस सुटले की घरी चहा घेऊन आम्ही तिकडे जातो. गणित आमच्याकडे, कारण आम्ही बी.कॉम.; मराठी आणि इंग्रजी वस्तीतीलच एक डी.एड. झालेली मुलगी बघते. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. उलट या अभ्यासिकेत आमच्या हातून जी चूक झाली ती समाजबांधवांपुढे ठेवावी, म्हणून हा लेखप्रपंच.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीतला एक मुलगा अभ्यासिकेत येत असे. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, आई चार घरची धुणीभांडी करते, एक मोठी बहीण आठवीत. मुलगा तोंडाने असा तरतरीत की बघत राहावे! त्रिशरण-पंचशील तोंडपाठ. बुद्धवंदना सुरू झाली की त्याचा आवाज सर्वांच्या पुढे. भीमजयंतीला त्याने पाच मिनिटांचे भाषण केले, एका ठिकाणी अडखळला नाही. आणि शाळेत? शेवटचा बाक. घटक चाचणीत वीसपैकी तीन, चार. वही उघडली तर लाल शाईच्या रेघांनी भरलेली. वर्गात गुरुजी त्याला ‘ढ’ म्हणत आणि मुलेही तेच नाव लावून हाक मारीत. कोणत्या शाळेत, ते विचारू नका. कोणत्याही शाळेत असेच झाले असते.

आई आमच्याकडे आली ती हात जोडूनच. म्हणाली, “भाऊ, पोरगं आमचं ढ हाय ओ. डोस्क्यातच जात न्हाई त्याच्या. तुम्ही जरा दमात घ्या त्याला.” आम्ही दमात घेतले. चाळीस पोरांसमोर उभा करून विचारले, “बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. तुला दोन तास बसवत नाही?” तो खाली मान घालून उभा राहिला. हे आम्ही एकदा नाही, चार-पाच वेळा केले. आपल्या समाजात कार्यकर्त्याच्या तोंडी हे वाक्य इतके बसलेले आहे की ते बोलताना काही विचार करावा लागत नाही.

पावसाळ्यातील एका संध्याकाळी त्याच्या दप्तरात पाणी गेले. मराठीचे पुस्तक भिजून पाने एकमेकांना चिकटली. बाईंनी त्याला धडा वाचायला उभे केले. त्याने बोट फिरवीत दीड पान सरळ वाचले. बाई त्याच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी डोकावून पाहिले तर पुस्तकात उघडा होता तिसराच धडा! पोरगे पाठ म्हणत होते आणि बोट नुसते ओळीवरून फिरत होते.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. सुटी अक्षरे तो ओळखत होता. पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांत दर वेळी गोंधळ. वेलांटी पहिली की दुसरी, काना कुठे संपला, मात्रा कोणाच्या डोक्यावर, हे लावता लावता ओळीचा अर्थ निसटायचा. जोडाक्षर आले की गाडी थांबलीच. फळ्यावरचे उतरवून घेताना अर्धे शब्द वहीत येईपर्यंत गुरुजी फळा पुसत. मात्र एकदा कानावर पडलेले तो विसरत नसे. रात्री बहीण त्याला धडे वाचून दाखवी आणि हा पाठ करी. पहिलीपासून सहावीपर्यंत त्याने अशी वेळ मारून नेली होती. हे करायला केवढी बुद्धी लागत असेल! आणि ज्याला इतकी बुद्धी आहे त्याला आम्ही काय म्हणत होतो?

त्या रात्री आम्ही जेवलो नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. जेवलो. पण झोप काही आली नाही.

वाचकहो, आपण बाबासाहेबांचे अठरा तास सांगतो, पण त्या अठरा तासांच्या आजूबाजूला काय होते ते सांगत नाही. परळच्या चाळीत एका खोलीचा संसार होता. सगळे घर जागे असताना अभ्यास होणार नाही, म्हणून सुभेदार रामजीबाबा मुलाला लवकर झोपवीत आणि रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकासाठी पैसे नसले तर ते लेकींकडून उसने आणत. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणारा हा विद्यार्थी हेरला तो कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी. पुढे महाराज सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली ती केळुसकरांच्या खटपटीने. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यास जाताना आमच्या कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी पाठीशी उभे होते. बाबासाहेबांचे कष्ट त्याने तसूभर कमी होत नाहीत. पण कष्ट करणाऱ्या मुलाला कोणी हात दिला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न आपण विचारायचा की नाही?

आणखी एक आकडा सांगतो. बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आमच्या हिशेबाने हे साडेसदतीस टक्के होतात. त्या काळी अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच केवढी गोष्ट! सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली आणि त्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. साडेसदतीस टक्क्यांवर सभा भरली. आज आपल्या घरात साडेसदतीस टक्के मिळाले तर काय भरते ते ज्याने त्याने आठवावे.

आता आमच्या गावचे पाहू. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. आपण भाषणात तसे म्हणतो आणि पुढे जातो. पण शाहू महाराजांना वसतिगृहे का काढावी लागली? शाळा तर होत्या. दार उघडे होते. पण खेड्यातले पोर कोल्हापुरात येऊन राहणार कुठे, जेवणार काय, रात्री दिव्यापाशी बसून त्याला अडलेले सांगणार कोण? आधी महाराजांनी सर्व जातींसाठी मिळून एकच वसतिगृह काढून पाहिले, पण त्याचा लाभ मुख्यतः पुढारलेल्या जातीच्या मुलांनीच घेतला. मग १९०१ साली मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्याच साली जैन बोर्डिंग निघाले. त्यानंतर मुसलमान, लिंगायत, शिंपी, सोनार अशा एकेका समाजाची निघत गेली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले; पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सरकारी शाळांत सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. म्हणजे राहायला वेगळी सोय, पण शिकायला एकच वर्ग. यातील विचार आम्हाला फार मोठा वाटतो. ज्या मुलाला जास्तीची मदत लागते त्याला ती द्यायची, पण त्यासाठी त्याला बाजूला काढून बसवायचे नाही. आज ‘समावेशित शिक्षण’ असा जो जड शब्द शासनाच्या कागदावर दिसतो, त्याचा अर्थ याहून फारसा वेगळा नाही.

आणि आता भाऊराव. कर्मवीर भाऊराव पाटील आमच्या जिल्ह्यातले, हातकणंगले तालुक्यातील कुंभोजचे. शिकायला कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर ‘विटाळ’ म्हणून आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यापायी बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग आपल्या लोकांना ठाऊक असतो. दुसरा प्रसंग मात्र आपण हसण्यावारी नेतो. भाऊराव अभ्यासात मागे होते. गणितात तर फारच. त्यांना वरच्या वर्गात घालावे असा शब्द खुद्द महाराजांनी टाकला. तेव्हा हेडमास्तरांनी असे सांगितले म्हणतात, की भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वर चढवतो, भाऊरावाला नाही! मास्तर करारी होते यात शंका नाही, राजाचा शब्दही त्यांनी मानला नाही. पण त्या भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढून सर्व जातींची पोरे एका पंगतीला बसवली. दाणे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. मॅट्रिकपर्यंतही न पोहोचलेल्या या माणसाच्या शाळांतून महाराष्ट्रातील किती पिढ्या शिकल्या! परीक्षेच्या कागदावर भाऊराव आणि बाक यांच्यात फरक दिसला नाही, एवढाच त्या गोष्टीचा अर्थ.

असो. मुद्द्यावर येतो.

मागे पडणारे मूल म्हणजे एकाच प्रकारचे मूल, असे आम्ही समजत होतो. तसे नाही. काही मुलांना फळाच दिसत नसतो, काहींना ऐकायला कमी येत असते. चष्मा लागला की ‘ढ’ पोरगे महिन्याभरात सुधारल्याचे आम्ही अभ्यासिकेत स्वतः पाहिले आहे. म्हणून डोळे आणि कान आधी तपासावेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची पथके सरकारी शाळांतून तपासणीला येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

दुसरा प्रकार सर्वांत मोठा. या मुलांच्यात काहीही कमी नसते. पहिली-दुसरीत वाचायला शिकवायचे राहून गेलेले असते आणि वर्ग पुढे सरकलेला असतो. वीटभट्टीवर, ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली मुले यात सापडतात, आजारात दोन महिने काढलेली सापडतात, आणि करोनात ज्यांच्या घरी एकच मोबाईल होता व तोही बापाच्या खिशात होता, ती तर ढिगाने सापडतात. २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी देशभर होते. पाचवीतील निम्म्याच्या आसपास ग्रामीण मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, असे ती पुन्हा पुन्हा सांगते. करोनानंतर १ जुलै २०२१ पासून राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला. कागदावर झाला, काही ठिकाणी खरोखर झाला. पण सहा वर्षांची घडी पंचेचाळीस दिवसांत बसत नाही. अशा मुलाला सहावीत आहे म्हणून सहावीचेच पुस्तक वाचायला लावणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला पंचगंगेच्या मध्यावर सोडण्यासारखे आहे. त्याला तो जिथे आहे तिथून, दुसरीच्या पुस्तकापासून शिकवले पाहिजे. यात लाज कसली?

तिसरा प्रकार आमच्या त्या मुलाचा. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाची असली तर डिसलेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया, आकड्यांची डिसकॅल्क्युलिया. बुद्धी चांगली असते, डोळे-कान ठीक असतात, शिकवणारा शिकवतो, तरी अक्षर आणि आवाज यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. हा आळस नव्हे. मागच्या जन्माचे पाप तर नव्हेच. ते आपण १९५६ सालीच सोडून दिले. २००७ साली ‘तारे जमीं पर’ आला तेव्हा आपण सर्वांनी डोळे पुसले, पण तो मुलगा सुखवस्तू घरातला होता म्हणून हा आजार बंगल्यातलाच असावा अशी आमची समजूत झाली. मुळात तो आजारच नाही, आणि आपल्या वस्तीत तो नसायला काही कारणही नाही. फक्त बंगल्यातल्या मुलाची तपासणी होते आणि आपल्या मुलाला फौंड्रीत लावतात.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून लागेल तसे जादा शिकवणे हे त्यात शिक्षकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. मुलाला मारणे आणि मनाला लागेल असा छळ करणे या दोन्हींना बंदी आहे. ‘ढ’ म्हणणे कशात मोडते ते वाचकांनी ठरवावे. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार धरले, त्यांत अध्ययन अक्षमता आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांसाठी प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले. प्रत्यक्षात एक विशेष शिक्षक किती शाळांतून फिरतो ते आपल्या शाळेत जाऊन विचारावे. २०२३ साली राज्याने नियम बदलले आणि पाचवी व आठवीला पुन्हा नापास करण्याची सोय आली. नापास मुलाला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची, त्यातही राहिला तर त्याच वर्गात ठेवायचे, असा तो नियम. फेरपरीक्षा होतेच, जादा मार्गदर्शन झाले की नाही हे मात्र पालकाने विचारायचे असते.

आता आम्ही कारकून माणूस, तेव्हा कारकुनाची गोष्ट सांगतो. शाळेत जाऊन तोंडी बोलू नका. अर्ज द्या. अर्जाच्या दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि सही-शिक्का घेऊन पोच घरी ठेवा. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते; आवक नोंदवहीत चढलेल्या कागदाला कोणालातरी उत्तर द्यावे लागते. आम्ही वीस वर्षे टेबलाच्या त्या बाजूला बसलो आहोत, म्हणून हे खात्रीने सांगतो. दुसरे असे, की अनुदानित व सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण हिस्सा पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांतील पालकांना जागा द्यावी लागते. सभेची सूचना येते तेव्हा आपल्या माता-भगिनी सही करून घरी येतात. सही करायच्या आधी कागद वाचायला मागा.

आमच्या त्या मुलाचे पुढे काय झाले? झटपट काही झाले नाही. आईवडिलांना समजावण्यातच दोन महिने गेले. ‘अपंगाचा दाखला’ म्हटल्यावर वडील उठून गेले. “हातपाय धड असलेल्या पोराला अपंग करता व्हय?” असा त्यांचा सवाल. त्यांचे चुकत नव्हते. ज्या समाजाच्या अंगावर हजारो वर्षे एक शिक्का होता, त्याला दुसरा शिक्का नको वाटणे साहजिक आहे. आम्ही वाद घातला नाही. त्यांना एवढेच विचारले, की जातीचा दाखला आपण काढतो तो जात मिरवायला काढतो की हक्क घ्यायला? चार दिवसांनी ते स्वतः आले.

सरकारी दवाखान्यात पाच खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला फौंड्रीत खाडा, म्हणजे रोज बुडाला. हा दाखला आठ वर्षे वयानंतरच मिळतो, हे माहीत असावे. पहिलीतल्या पोराला घेऊन हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. कल तपासण्याच्या चाचण्या मुलाला समजणाऱ्या भाषेत व्हाव्या लागतात. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. इंग्रजी उताऱ्यावर मराठी पोर अडखळले तर त्यावरून काय समजायचे?

दाखला हाती यायच्या आधीच आमच्या बाईंनी काम सुरू केले होते. रोज वीस मिनिटे, त्यापेक्षा जास्त नाही. परातीत बारीक वाळू पसरून बोटाने अक्षर काढायचे आणि काढताना मोठ्याने उच्चारायचे. एका आठवड्यात एकच वेलांटी. ‘घ’ आणि ‘ध’ एकाच दिवशी शिकवायचे नाहीत. वाचताना ओळीखाली जाड कागदाची पट्टी धरायची, म्हणजे खालची ओळ डोळ्यांत घुसत नाही. चौथीच्या मुलांनी हसू नये म्हणून दुसरीच्या पुस्तकाला तपकिरी कव्हर घातले. यात खर्च किती? वाळू फुकट, पट्टी फुकट. लागला तो धीर, आणि तो आमच्यापेक्षा त्या मुलीकडे जास्त होता. आम्ही स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला अकौंटन्सीत एकदा गचकलो होतो आणि मोठ्या भावाने फीचे पैसे पुन्हा भरले म्हणून आज टेबलाशी बसलो आहोत, ही गोष्ट आम्ही पोरांना पहिल्यांदा सांगितली ती त्या वर्षी. इतकी वर्षे का सांगितली नव्हती कोण जाणे.

शाळेत अर्ज दिला. हेडमास्तर आधी म्हणाले, “असली मुले आमच्याकडे नाहीत.” मग दाखल्याची प्रत पाहिली. पुढच्या बाकावर बसवणे, फळ्यावरचे उतरवायला वेळ देणे, प्रश्न वाचून दाखवणे, काही उत्तरे तोंडी घेणे, एवढ्या चार गोष्टी मागितल्या होत्या. तीन मिळाल्या. तोंडी उत्तरांचे दोन गुरुजी ऐकतात, एक ऐकत नाहीत. आमच्याच शहरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ काढून मुलाला न भिववता, त्याच्या कलाने शिकवता येते हे दाखवून दिले. चाकाच्या खुर्चीवर बसून केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी केलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ संस्था स्थापली आणि अपंग मुलांना राहण्या-शिकण्याची सोय उभी केली. म्हणजे गावात उदाहरणे नाहीत असे नाही. रंकाळ्याला फिरायला जाणाऱ्या मास्तरांनी ती पाहिली नाहीत, एवढेच.

दहावीच्या बोर्डाच्या सवलती २०१८ च्या शासन निर्णयात आहेत. तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो. लेखनिक खालच्या वर्गातला असावा लागतो. हा अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी चालत नाही. नववीतच शाळेकडे कागद द्यावेत. आमचा मुलगा आता नववीत आहे. अजून सावकाश वाचतो. रस्त्यावरच्या पाट्या वाचतो, वर्तमानपत्राचा मथळा वाचतो, खालचा मजकूर नको म्हणतो. गणितात त्याला गेल्या वर्षी शंभरात एकसष्ट मिळाले, कारण उदाहरण कोणी वाचून दाखवले की उत्तर तो काढतो.

एका गोष्टीकडे मात्र आमचे लक्ष फार उशिरा गेले. त्याची बहीण. सहा वर्षे रोज रात्री स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून ती भावाला धडे वाचून दाखवीत होती. आठवी-नववीत तिचे गुण घसरत गेले आणि कोणी विचारले नाही, कारण ती तक्रार करीत नव्हती. दहावीला अठ्ठेचाळीस टक्के पडले. आईने म्हटले, पोरीची जात, पुरे झाले. तेव्हा तिचा अकरावीचा प्रवेश अर्ज आम्हीच भरला आणि तिची अभ्यासिकेतली जागा खिडकीजवळ, पंख्याखाली ठरवून दिली. भावाला आता बाई वाचून दाखवतात. बहिणीने त्या दोन तासांत दुसऱ्या कोणाला काही वाचून दाखवायचे नाही, असा अभ्यासिकेचा नियमच केला आहे. मदत लागणाऱ्या मुलाचा हिशेब मांडताना ती मदत आतापर्यंत कोणाच्या ताटातून वाढली जात होती, हे पाहण्याचे आम्हालाही सुचले नव्हते.

यंदा २६ जूनला विहारात शाहू जयंती झाली. मुलाने भाषण केले. त्याने बाबासाहेबांचे २८२ गुण सांगितले, भाऊरावांचा बाक सांगितला. हातात कागद नव्हता. पण या वेळी भाषण त्याने आधी स्वतः लिहिले होते, पाठीमागच्या चुकांसकट, आणि ती वही बाईंच्या पिशवीत होती.

कार्यक्रम संपल्यावर वस्तीतील एक म्हातारे गृहस्थ आम्हाला बाजूला घेऊन गेले. “भाऊ, ते दोनशे ब्याऐंशी खरं हाय का?” आम्ही म्हणालो, खरे आहे, बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमच्या नातवाचं दहावीला दोन विषय ऱ्हायलं. इचलकरंजीला मामाकडं धाडलाय लूमवर. आता फॉर्माची मुदत संपली आसंल न्हवं?”

आम्ही त्यांना सांगितले, की दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि ते विषय पुन्हा परीक्षा देऊन सोडवता येतात. त्यांना हे ठाऊक नव्हते. त्यांच्या मुलालाही नव्हते. शाळेने निकालाबरोबर सांगितले असते तर एका मिनिटाचे काम होते. त्यांनी ते कागदावर लिहून मागितले. आम्ही कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहून दिले, खाली अभ्यासिकेची वेळ घातली. पत्रिकेची घडी खिशात ठेवून ते इचलकरंजीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारीत होते.